दोष एकट्या अधिकाऱ्याचा?

लाचेचे प्रकरण उघडकीस आले की बडी कंपनी एखाद्या अधिकाऱ्याला घरी बसवते आणि हात झटकते. माणूस लोभी असतो, मान्य; पण तिमाहीचे टार्गेट आणि ‘काम झालं पाहिजे, कसं ते सांगू नका’ म्हणणारा साहेब त्याने घरून आणलेला नसतो. सीमेन्स या बड्या जर्मन कंपनीत सल्लागारांच्या नावाखाली वर्षानुवर्षे पैसे वाटले गेले; २००८ मध्ये अमेरिका व जर्मनीत मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले. हा काय एकट्याचा उद्योग? आम्हा छोट्या पुरवठादारांना बिल का अडते ते ठाऊक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने कंपनीलाही जबाबदार धरता येते, पण फक्त सरकारी नोकराला दिलेल्या लाचेसाठी. खासगी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला द्याव्या लागणाऱ्या पाकिटाचे काय?

— एक लघुउद्योजक, कुपवाड एमआयडीसी, सांगली