छापायच्या आधी आमचा पेपर कोणीतरी वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी एम.ए. इतिहासच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव बीड जिल्ह्यात. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून आम्हाला शेवटच्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट असतो, तिसऱ्या सेमला ४ क्रेडिट आणि चौथ्याला ६, आणि आमच्याकडे त्यातूनच एक पेपर, म्हणजे छोटा शोधनिबंध, लिहून द्यायचा असतो. ही गोष्ट मला मनापासून आवडली होती म्हणूनच लिहितेय.

मी विषय घेतला १९७२ चा दुष्काळ आणि आमच्या गावाजवळचा पाझर तलाव. तो तलाव दुष्काळी कामावर बांधला गेला, आणि त्यावर खडी फोडलेल्या, मातीच्या पाट्या वाहिलेल्या बाया अजून गावात आहेत, माझी आजी त्यातलीच एक. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असलेली पोर आज सत्तरीला टेकलीय, म्हणजे हे काम आत्ताच करायला पाहिजे, दहा वर्षांनी विचारायचं कोणाला? मी अकरा जणींशी बोलले, मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि रात्री बसून शब्द न शब्द उतरवून काढला. कामावर सुकडी, म्हणजे तो कोरडा पौष्टिक खाऊ, कशी वाटायचे, मिलो म्हणजे ती अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, तिच्या भाकरीला चव कशी नसायची, हजेरी घेताना मुकादम कोणाचं नाव गाळायचा, बाळंतीण बाई किती दिवसांनी परत कामावर आली, हे सगळं त्यांना काल घडल्यासारखं आठवतंय. एक आजी तर मला तलावाच्या भिंतीवर घेऊन गेली आणि बोट दाखवून म्हणाली इथपासून तिथपर्यंतची माती आमच्या टोळीची.

पेपर लिहून झाला आणि मग कळलं की इंटर्नलचे मार्क हवे असतील तर तो कुठल्यातरी जर्नलमध्ये, म्हणजे शोधपत्रिकेत, छापून सर्टिफिकेट जोडायचं. ग्रुपवर लिंक आली. १८०० रुपये भरायचे. मी रात्री फाईल पाठवली आणि सकाळी अकराला पेपर स्वीकारला म्हणून मेल आला, एक प्रश्न नाही, एक दुरुस्ती नाही. मला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण पुढच्याच आठवड्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एका रिटायर्ड गुरुजींनी तोच पेपर पेन्सिल घेऊन वाचला आणि तिसऱ्या पानावर थांबले. मी लिहिलं होतं की रोजगार हमीचा कायदा १९७२ चा. ते म्हणाले बाळ, योजना तेव्हाची, कायदा १९७७ चा, आणि लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला, आणि या योजनेचे जनक वि. स. पागेंनी याचा प्रयोग त्याच्याही आधी १९६५ ला सांगली जिल्ह्यात तासगावकडे करून बघितला होता, ते तुझ्या पेपरात कुठंय? माझा सगळा मुद्दाच त्यामुळे बदलत होता, कारण आमच्या बाया दुष्काळी कामावर होत्या, हक्काचं काम त्यानंतर आलं. ही चूक आता छापून बसलीय, माझ्या नावाने.

साहित्यचोरी तपासायचं पण तसंच. आम्ही बरेच जण डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून घेतो, आपल्याला दिसायला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला काहीच कळत नाही आणि साम्य शून्य टक्के येतं. मी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला खरं मराठी म्हणून कळतं तसं, टाईप केलं तर माझे २३ टक्के आले, त्यात बहुतेक संदर्भसूची आणि कायद्यातला उतारा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत चालतं आणि संदर्भसूची, नाव देऊन घेतलेले उतारे मोजायचेच नसतात, पण तो रिपोर्ट उघडून बघायला कोणाला वेळ नव्हता, मला सांगितलं आकडा कमी करून आण. म्हणजे सर्टिफिकेट बघितलं, टक्के बघितले, पानं कोणी उलटली नाहीत.

मला विचारायचं एवढंच आहे की पीएच.डी.वाल्यांना सुद्धा थीसिसच्या आधी पेपर छापायची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकली, चांगल्या जर्नलची केअर यादी होती ती पण फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, मग एम.ए.च्या पोरापोरींना ही सक्ती कशासाठी? माझ्या वर्गात मजुरीला जाऊन शिकणारी मुलं आहेत, त्यांना १८०० म्हणजे काय ते मी सांगायला नको. गाईड सरांना मी दोष देत नाही, त्यांच्याकडे वीस-वीस मुलं, वर परीक्षेची कामं, तासिका तत्त्वावरचा पगार वेळेवर नाही. पण एका पेपरला एक तास तरी कोणीतरी द्यावा, समोर बसवून विचारावं हे कुठून आणलंस, ही तारीख कशावरून. त्या गुरुजींनी पाऊण तासात मला जे शिकवलं ते मला अख्ख्या सेममध्ये मिळालं नव्हतं. आणि छापायच्या ऐवजी दुरुस्त केलेली एक प्रत कॉलेजच्या लायब्ररीत आणि एक त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा मुलगा तिथून पुढे सुरू करेल.

अकरापैकी एक आजी पेपर सबमिट व्हायच्या महिनाभर आधी गेली. तिचा आवाज माझ्या मोबाईलमध्ये आहे, तलावाची भिंत दाखवणारी तीच. चौथ्या सेमच्या प्रोजेक्टमध्ये मी कायद्याची तारीख दुरुस्त करतेय आणि तिचं बोलणं तिच्याच शब्दांत पूर्ण देतेय, यावेळी तरी ते वाचलं जावं.

आपली,
एम.ए. इतिहासची एक विद्यार्थिनी, जि. बीड
(रिझल्ट अजून लागायचाय, म्हणून कृपया नाव छापू नये.)