मैदानावरची ती शिवी नियमात आणा: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पुरुषांच्या सांघिक खेळांत समलिंगी ठरवून होणारी हेटाळणी आणि पंचांच्या हाती नसलेला नियम.

महोदय,

मी कबड्डीचा पंच आहे. शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे, पण शिट्टी सुटलेली नाही. विषय वाचून आपल्या कार्यालयातलं कुणी हे पत्र सामाजिक न्याय विभागाकडे 'पुढील कार्यवाहीसाठी' पाठवेल अशी मला दाट शंका आहे. तसं होऊ देऊ नये ही पहिली विनंती. मी बोलतोय ते मैदानाबद्दल, आणि मैदान आपल्या खात्याचं आहे.

कबड्डी प्रेक्षकांना दिसते, पंचांना ती ऐकूही येते. चढाईपटू निदान रेषेपर्यंत पोचला की डावा कोपरा, म्हणजे त्या टोकाचा बचावपटू, त्याच्या कानाशी काय पुटपुटतो, साखळी धरलेले दोघे एकमेकांकडे बघून काय बोलून हसतात, हे गॅलरीत पोचत नाही. आमच्यापर्यंत पोचतं. त्यात आईबहिणीवरून असतं, जातीवरून असतं. या दोन्हींवर आता निदान पंच कान टवकारतात. तिसरा एक प्रकार मात्र राजरोस चालतो. बायल्या, छक्का, मीठा, 'बांगड्या पाठवू का', चुंबनाचे आवाज. हे शिवीत धरलंच जात नाही. प्रशिक्षक स्वतःच्या मुलांना 'पेटवायला' हेच शब्द वापरतात आणि मुलं ते समोरच्या संघावर वापरतात.

कुमार गटाचा एक सामना सांगतो. गाव, मंडळ सांगत नाही. पायाने गडी टिपणारा एक सडपातळ चढाईपटू होता, बोनस तर सहज घेणारा. दुसऱ्या डावात समोरच्या कोपऱ्याने त्याच्या प्रत्येक चढाईला एकच शब्द लावून धरला. चौथ्या-पाचव्या चढाईला बाजूची पोरं तोच शब्द तालात म्हणायला लागली. मुलाचा दम तुटला. मध्यरेषेच्या चार फूट अलीकडे उभा राहून त्याने स्वतःच मान खाली घातली. मी सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, होतो. कोपऱ्याला ताकिदीचं हिरवं कार्ड दाखवलं. त्याचा कर्णधार अगदी प्रामाणिकपणे विचारत आला, "सर, पण शिवी कुठं दिली त्यानं?" सामना संपल्यावर संयोजकांनी चहा देता देता सुनावलं, "मास्तर, एवढ्यातेवढ्यावरून कार्ड काढायला लागलात तर खेळ व्हायचा कसा?" त्या स्पर्धेचं बोलावणं मला पुन्हा आलं नाही. त्याचं दुःख नाही. पण नियमपुस्तकात बोट ठेवून दाखवावी अशी स्पष्ट ओळ माझ्याकडे नव्हती, हे खरं. 'असभ्य वर्तन' या दोन शब्दांत काय बसतं ते ज्या त्या पंचाच्या घरच्या शिकवणीवर अवलंबून.

तो मुलगा समलिंगी होता की नव्हता, मला माहीत नाही. ते शोधणं माझं कामही नव्हतं. पुढच्या हंगामात तो कुठे दिसला नाही, एवढंच सांगू शकतो.

आपल्याकडे पुरुषांच्या कबड्डीत, खो-खोत, हॉकीत, फुटबॉलमध्ये, क्रिकेटमध्ये 'मी समलिंगी आहे' असं खेळत असताना उघडपणे सांगणारा नामांकित खेळाडू माझ्या ऐकिवात नाही. यावर संघटनेतल्या जाणत्या लोकांचं उत्तर ठरलेलं : "आमच्याकडे तसं कुणी नाही." असेल कसा? सांगितल्यावर काय होईल हे पोराने किशोर गटापासून कानाने ऐकलेलं असतं.

धावपटू द्युती चंदचं उदाहरण लगेच दिलं जातं, म्हणून तिच्याबद्दल आधी बोलतो. ओडिशातल्या एका विणकर घरातल्या या मुलीने मे २०१९ मध्ये आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं जाहीर केलं. घरचे विरोधात गेले, गाव विरोधात गेलं. जुलैमध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०० मीटरचं सुवर्ण जिंकलं, ११.३२ सेकंदांत. (पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात तिच्यावर बंदी आली, तो वेगळा विषय.) धैर्य मोठंच. पण ती धावत होती घड्याळाविरुद्ध. सेकंदांना तुमचं प्रेम कुणावर आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. सांघिक खेळात आधी निवड समितीने नाव घ्यावं लागतं, मग कर्णधाराने सातात घ्यावं लागतं, मग शेजारच्याने साखळीत हात धरावा लागतो.

कबड्डीइतका अंगाला अंग लागणारा दुसरा खेळ आपल्याकडे कुस्तीच. मुलं एकमेकांचा हात घट्ट धरून उभी असतात, एकावर सात पडतात, कुणालाही त्यात वावगं वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. भीती सुरू होते ती सामना संपल्यावर. जिल्हा स्पर्धेला संघ उतरतो शाळेच्या वर्गात. बाकं एका बाजूला रचून सतरंजीवर बारा जण ओळीने झोपतात, सकाळी एकाच नळावर आंघोळ. तिथे 'हा तसला आहे' एवढी कुजबुज पुरते. मग त्याच्या शेजारची सतरंजी रिकामी राहते.

आणि पोट आहे, साहेब. हे आपल्याला मी सांगायला नको. आपल्याकडचा कबड्डीपटू बक्षिसासाठी थोडाच खेळतो, तो नोकरीसाठी खेळतो. रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्यांचे संघ. दहावी-बारावीला सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. या सगळ्याची किल्ली म्हणजे प्रमाणपत्र, प्रमाणपत्राची किल्ली म्हणजे निवड, आणि निवड चार-पाच माणसांच्या हातात. शेतमजुराच्या घरातला एकोणीस वर्षांचा पोरगा त्या चार-पाच जणांसमोर आपलं मन उघडं करेल अशी अपेक्षा ठेवणं हा क्रूरपणा आहे. त्यापेक्षा तो लग्न करून मोकळा होतो. त्यात ज्या मुलीचं आयुष्य जातं तिची तर कुणी नोंदच ठेवत नाही.

मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर मार्च २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला अंतिम सामना झाला. मुंबई इंडियन्सला जिंकून दिलं ते नॅट सिव्हर-ब्रंटच्या नाबाद ६० धावांनी. तिच्या नावातलं 'ब्रंट' तिच्या बायकोचं, इंग्लंडचीच वेगवान गोलंदाज कॅथरिन ब्रंटचं. दोघींचं लग्न २०२२ मध्ये झालं. ते जोडनाव स्कोअरबोर्डवर झळकत होतं आणि मुंबईकर बायाबापड्या, पोरंटोरं, कॉलेजची मुलं गळा फाडून ओरडत होती. कुणाची संस्कृती बुडाली नाही. २०२५ च्या हंगामात तिने ५२३ धावा केल्या तेव्हाही तेच. म्हणून 'आपले प्रेक्षक तयार नाहीत' हे वाक्य मला आता पटत नाही. प्रेक्षक चौकार बघतात. तयार नाहीत ती टेबलामागे बसलेली माणसं. आणि पुरुषांच्या खेळातली मर्दानगीची कल्पना, जी अशी काही नाजूक की एका मुलाच्या चालण्यानेही तिला तडा जातो.

बाहेर सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये १० लाख पौंडांना विकला गेलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू जस्टिन फॅशानू. १९९० मध्ये त्याने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, सख्ख्या भावाने जाहीरपणे त्याच्याशी संबंध नाकारले, १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर ब्रिटनमधल्या पुरुष व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना असं सांगणारा पुढचा खेळाडू उगवला थेट मे २०२२ मध्ये : ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय १७. मधली ३२ वर्षं त्या देशात कुणी समलिंगी फुटबॉल खेळलाच नाही, असं म्हणायचं का?

मला मात्र त्याहून जवळचा वाटतो तो एक पंच. वेल्सचा नायजेल ओवेन्स, रग्बीतला. रग्बी म्हणजे आपल्या कबड्डीसारखाच रांगडा खेळ. विशीत या माणसाने स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला होता, कारण आपण जे आहोत ते घेऊन रग्बीत राहता येणार नाही असं त्याला वाटत होतं. वाचला. २००७ मध्ये त्याने उघडपणे सांगितलं. २०१५ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, न्यूझीलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया, त्यानेच चालवला. मधे २०१४ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर प्रेक्षकांतून त्याच्यावर याच कारणाने गलिच्छ शेरेबाजी झाली. तिथल्या संघटनेने चौकशी केली आणि दोघांना दोन वर्षं स्टेडियमबंदी घातली. संघटना असं वागते तेव्हा अंतिम सामन्याला उभा राहणारा पंच घडतो, असं माझं मत आहे. त्याची हिंमत होतीच, पण हिंमतीच्या पाठीशी कागद होता.

क्रिकेटमधली गोष्ट तर आपल्या आयपीएल बघणाऱ्या प्रत्येक पोराला समजेल अशी. फेब्रुवारी २०१९, सेंट लुसिया कसोटी. वेस्ट इंडीजचा शॅनन गॅब्रिएल इंग्लंडच्या जो रूटला काहीतरी बोलला. तो काय बोलला ते यष्टीतल्या माइकवर आलं नाही. रूटचं उत्तर आलं : समलिंगी असण्यात वाईट काही नाही, ती शिवी म्हणून वापरू नकोस. पंचांनी दखल घेतली, गॅब्रिएलने आरोप मान्य केला, सामन्याच्या मानधनाच्या ७५ टक्के दंड झाला आणि आधीचे दोषांक धरून चार एकदिवसीय सामन्यांची बंदी. तिथे कुणी समलिंगी असल्याचं जाहीर करायची गरज पडली नाही. वर्तन नियमात होतं, नियम लागू झाला, विषय संपला.

मला आपल्याकडून एवढंच हवंय. कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल कार्ड आधीच आहे. ताकीद, दोन मिनिटं बाहेर, सामन्यातून बाहेर. नवीन काही विकत आणायचं नाही, निविदा काढायची नाही. शासनाच्या पैशावर होणाऱ्या शालेय आणि राज्य स्पर्धांच्या आचारसंहितेत एक वाक्य घाला, की लैंगिकतेवरून किंवा बायकीपणावरून केलेली हेटाळणी जातीवाचक बोलण्याइतकीच गंभीर धरली जाईल. मग ती खेळाडूने केलेली असो, प्रशिक्षकाने किंवा बाकावरच्या राखीव गड्याने. राज्य संघटनांना अनुदान देताना तीच अट ठेवा. संघटना स्वायत्त आहेत हे मला कळतं. अनुदानाचा अर्ज करताना त्या तेवढ्या स्वायत्त नसतात, हेही कळतं.

क्रीडा प्रबोधिन्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे मुलं वर्षानुवर्षं वसतिगृहात राहतात, घर लांब, प्रशिक्षकच मायबाप. महिलांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे, अठराच्या आतल्या मुलांवर लैंगिक अत्याचार झाला तर पोक्सो आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला खोलीतली पोरं रोज रात्री 'तसला' म्हणून छळत असतील आणि प्रशिक्षक हसत असेल, तर त्याने जायचं कुणाकडे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. प्रशिक्षकाच्या अखत्यारीत नसलेला, बाहेरचा समुपदेशक हवा, आणि तक्रार केली म्हणून मुलगा संघातून गळणार नाही याची लेखी हमी हवी. मुंबईतल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्था या विषयात अनेक वर्षं काम करत आल्या आहेत. त्यांना एकदा पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा संकुलात बोलवायला हरकत नसावी. केंद्रानेही ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात खेळाडूंच्या सुरक्षिततेची आणि तक्रार निवारणाची भाषा आहे. ती जिल्ह्यापर्यंत झिरपायची वाट बघत बसलो तर माझ्या हातची शिट्टी गंजून जाईल.

एक हात जोडून विनंती. माहिती मागवू नका. आपल्या यंत्रणेची सवय मला ठाऊक आहे. उद्या जिल्ह्याजिल्ह्याला तक्ता जाईल, 'आपल्या जिल्ह्यातील समलिंगी खेळाडूंची संख्या, विहित नमुन्यात, तीन दिवसांत'. कुणी कोण आहे हे शासनाने विचारायचं नाही, प्रशिक्षकाने विचारायचं नाही, पंचाने तर नाहीच. ज्याला सांगायचं तो सांगेल, ज्याला नाही तो नाही. ट्रान्सजेंडर खेळाडूंच्या सहभागाचा प्रश्नही यात मिसळू नका. तो वेगळा आहे, त्याला वेगळं पत्र लागेल आणि माझ्यापेक्षा जाणता माणूस लागेल.

राजकीय अडचण मी समजू शकतो. अधिवेशनात कुणीतरी उठून विचारेल, हे सरकार पोरांना काय शिकवतंय? त्याला उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं, की प्रौढांमधले परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. जो गुन्हा नाही त्यावरून एखाद्याला मैदानातून हुसकवणं मात्र चालू आहे, आणि ते आपण थांबवत आहात. एवढं सांगितलं तरी पुरे. शिवाय या शब्दांचा मार बसतो तो समलिंगी मुलांनाच असंही नाही. ज्याचा आवाज अजून फुटला नाही, जो रडतो, जो शिवी देत नाही, जो आईला स्वयंपाकात मदत करतो, त्या प्रत्येकाला बसतो. मैदानावरून असे किती चढाईपटू गेले याचा हिशेब कुणाकडे नाही.

दिवाळीनंतर स्पर्धांचा हंगाम जोरात सुरू होतो. परिपत्रक त्याआधी निघालं तर पंचांच्या उजळणी वर्गात ते शिकवता येईल. आणि त्याची एक प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांबरोबर जिल्ह्यांच्या पंच मंडळांकडेही थेट पाठवावी. आमच्यापर्यंत बऱ्याच गोष्टी वर्तमानपत्रातून पोचतात, त्याही हंगाम संपल्यावर.

आपला,
एक कबड्डी पंच