पडद्यावर न आलेलं गाव

गुहागर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘सिनेमा एवढा देखणा असताना हजार पानं वाचायची कशाला?’ हा तुझा प्रश्न मी मनावर घेतलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या सिनेमात (२००३) शिखरामागून शिखरावर इशाऱ्याचे जाळ पेटत जातात, ते बघताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. टोल्कीनच्या कादंबरीत ते पिपिन नावाच्या हॉबिटला (हॉबिट म्हणजे गोष्टीतली बुटकी माणसं) घोड्यावरून जाता जाता दिसतात, चार ओळींत संपतात. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने त्याचं सोनं केलं. तिथे सिनेमा सरस, यात वादच नाही.

पण त्याच सिनेमात चौघे हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांचा मुलूख, शायर, होता तसाच हिरवागार असतो. टोल्कीनने असं लिहिलेलंच नाही रे! १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडाचं शेवटून दुसरं प्रकरण काढ. झाडं तोडलेली, जुनी घरं पाडून बेढब नवी बांधलेली, गिरणीच्या घाणीने पाणी नासलेलं. म्हाताऱ्या बिल्बोचा वाढदिवस ज्याच्याखाली झाला ते मोठं झाड माळावर आडवं पडलेलं बघून चौघांतल्या सॅमला रडू फुटतं. लहानपणी राहत होतो तो मुलूख मी दहा वर्षांचा व्हायच्या आतच नासवला जात होता, असं टोल्कीनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत सांगितलंय.

आपल्या फाट्यावरचा वड रस्ता रुंद करताना गेला, हे तुला कळलं असेलच. बुंध्याचे तुकडे ट्रकमध्ये चढवत होते तेव्हा पारंब्यांच्या टोकांना ओली माती तशीच चिकटलेली होती. एसटीची वाट बघणाऱ्या बायका डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात उभ्या. त्या रात्री मी ते प्रकरण आणि त्यानंतरचं शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं. शेवटच्या प्रकरणात सॅम गावभर रोपं लावतो, आणि एल्फांची राणी गॅलाड्रिएल हिने दिलेल्या मातीचा एकेक कण प्रत्येकाच्या मुळाशी घालतो. ते वाचताना मला खरंच धीर आला. पहिल्या सिनेमाच्या विस्तारित आवृत्तीत त्या मातीच्या जागी सॅमला दोर मिळतो.

‘ड्यून’चंही तसंच. १९६५च्या कादंबरीत वाळवंटी ग्रहाचा अभ्यासक काइन्स वाळवंटात एकटा मरतो आणि मरताना त्याला बापाचा आवाज ऐकू येतो: आधी गवत धरू द्यायचं, मग उंचावर जंगल, मग उघडं पाणी. वाळवंट हिरवं करायची सगळी योजना त्या पानांत आहे. २०२१च्या सिनेमात काइन्स ही बाई आहे, आणि महाकाय अळी तिला शत्रूसकट गिळते. दृश्य जबरदस्त, पण गवताचं काय? सिनेमावाल्यांना लढाई ठेवावीशी वाटते आणि मातीची पानं गाळावीशी वाटतात. त्यांचीही अडचण मला कळते, तीन तासांत रोपाचं झाड होईपर्यंत थांबणार कोण? कादंबरी मात्र थांबते, आपल्यालाही थांबवते. मी वाचतो ते त्यासाठी.

वाडीतला एकजण परवा मुंबईला येतोय, त्याच्याकडे तिन्ही खंड देतोय. पावसाळी हवेने पानं फुगलीत, जपून उलट. पहिल्यापासून वाच, थेट शेवटावर उडी मारू नकोस. आणि शेवटी शायर परत मिळवायच्या लढाईत गोष्टीचा नायक फ्रोडो स्वतः तलवार उपसत नाही, शस्त्रं टाकलेल्यांना मारू नका म्हणून आपल्याच माणसांना अडवत फिरतो. त्याचं ते वागणं तुला पटतं का, ते मला नक्की कळव.

तुझा,
विनायक