छोटे टर्बो इंजिन आणि घाटमाथ्यावरचा चहा

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत छोट्या टर्बो (म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंवर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा बसवलेल्या) पेट्रोल गाड्यांच्या ताकदीबद्दल आणि मायलेजबद्दल बरेच छापून येते. पाच-सात वर्षांनी ही इंजिने कशी वागतात आणि ती सांभाळायची कशी, याबद्दल मात्र फारसे काही वाचायला मिळत नाही. स्वतःच्या खिशाला चटका बसल्यावर मला जे समजले, ते इतर वाहनधारकांच्या उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

माझी गाडी २०१९ सालची, तीन सिलिंडरच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची. रोज चार किलोमीटरवरच्या कार्यालयात जाणे-येणे आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा साताऱ्याला गावी, एवढाच तिचा वापर. गेल्या दिवाळीत घरची पाच माणसे आणि फराळाचे डबे घेऊन खंबाटकी घाट चढत असताना इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. दुसऱ्या गियरमध्ये रडतखडत कसाबसा माथा गाठला. कंपनीच्या वर्कशॉपने ‘टर्बो गेला’ असे सांगून पाऊण लाखाच्या वरचा अंदाज हातात ठेवला. साताऱ्यातील एका जुन्या मिस्त्रींनी मात्र आधी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, ओढून माझ्या नाकाशी धरली. तेलाला पेट्रोलचा वास येत होता आणि त्याची पातळी वरच्या खुणेच्याही वर चढली होती. मग त्यांनी टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी सोडवली. कढईच्या बुडाला जळकी खरपुडी धरते, तशी काळी खरपुडी त्या नळीत आतून धरली होती. टर्बो बदलावा लागलाच. पण ही नळी तशीच ठेवून नवा टर्बो बसवला असता, तर तोही काही महिन्यांत त्याच वाटेने गेला असता. वर्कशॉपच्या अंदाजपत्रकात नळीचा उल्लेखच नव्हता.

यात इंजिनाचा दोष किती आणि माझा किती, याचा विचार करता पारडे माझ्याकडेच झुकते. मारुतीचे ९९८ सीसीचे साधे इंजिन सेलेरिओत ६७ पीएस शक्ती देते आणि तेवढ्याच सीसीचे टर्बो इंजिन फ्राँक्समध्ये १०० पीएस देते. टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, तर ८९ न्यूटन मीटरवरून १४८ वर जातो. हा जादाचा जोर टर्बोतून येतो. एक्झॉस्टच्या ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापणाऱ्या वायूंवर टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेऊ शकतो आणि त्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. ते तेलही जेमतेम साडेतीन-चार लिटर. थंड इंजिनावर चार किलोमीटर जाऊन गाडी बंद केली, की न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली तेलात उतरते आणि तेल पुरेसे तापतच नसल्याने ते पुन्हा उडूनही जात नाही. असे पातळ झालेले तेल मी पंधरा-पंधरा महिने वापरत होतो, कारण पुस्तिकेत ‘१५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष’ असे लिहिलेले असले तरी माझे किलोमीटर कधी आठ-नऊ हजारांच्या वर गेलेच नाहीत. ‘किंवा’ या शब्दाकडे आपण सगळेच काणाडोळा करतो. त्याच पुस्तिकेत पुढे कुठेतरी, कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ आणि सततची थांबत-थांबत वाहतूक असेल तर तेल याहूनही लवकर बदलावे, अशी सूचना आहे. म्हणजे पुण्यातील बहुतेक गाड्यांना ती लागू पडते.

दुसरी चूक आपल्या पिढीजात सवयीची आहे. फियाट आणि अँबॅसॅडरच्या काळात घाट चढला, की रेडिएटर उकळलेला असे, म्हणून गाडी बंद करून तिला विसावा द्यायचा आणि आपण चहा घ्यायचा, हे वडिलांकडून शिकलो. टर्बो गाडीला हा विसावा बाधतो. चढ संपताक्षणी इंजिन बंद केले, की तेलाचा पंप थांबतो. लाल तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल तिथेच जळते आणि त्याचा कोळसा होतो. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा विजेचा पंप असतो, पण तेल फिरवणारा नसतो. माथ्यावर पोचण्याआधीचा शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवावा, किंवा थांबल्यावर मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवावे. चहा मग निवांत घ्यावा.

वरच्या गियरवर गाडी रेटण्याची सवयही अशीच. टर्बोचा जोर इंजिनाच्या मिनिटाला दीड हजार फेऱ्यांपासूनच मिळू लागत असल्याने चढावर गियर उतरवायचा कंटाळा होतो. पण कमी फेऱ्या आणि पूर्ण दाबलेला ॲक्सिलरेटर या जोडीने ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि एखाद्याच दणक्यात पिस्टनची कड तुटू शकते. हे टाळण्यासाठीची चाचणी तेलाच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जात २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’पासून आली आणि २०२० च्या ‘एसपी’त ती कायम राहिली. म्हणून तेल ‘सिंथेटिक आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये, दर्जा विचारावा.

जुनी टर्बो गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. फोर्डचे एक लिटर इकोबूस्ट इंजिन २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षे जागतिक ‘इंजिन ऑफ द इयर’ ठरले आणि २०१३ मध्ये इकोस्पोर्टमधून आपल्याकडेही आले. त्याचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा, तेलातच फिरतो. चुकीचे किंवा शिळे तेल राहिले, तर बेल्टचे रबर सुटून तेलाच्या पंपाची जाळी तुंबते आणि इंजिन कोरडे पडते. बेल्टची मुदत दहा वर्षे धरली, तर त्या पहिल्या गाड्यांची ती केव्हाच उलटली आहे. गाडी वरून कितीही चकचकीत असो, बेल्ट बदलल्याचा कागद मागावा.

चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्यापलीकडच्या गाड्यांवर ४० टक्के. तेव्हा मोठ्या गाडीचे काम छोट्या टर्बोकडून करून घेण्याचा कल वाढतच जाणार. अशा वेळी कंपन्यांनी कठीण वापरासाठीचे तेल बदलण्याचे वेळापत्रक मराठीत छापून गाडी ताब्यात देतानाच समजावून सांगावे, आणि सर्व्हिसिंगच्या बिलावर तेलाची श्रेणी, एपीआय दर्जा व लिटर नोंदवणे बंधनकारक व्हावे, अशी माझी मागणी आहे. माझ्याकडे सहा वर्षांची सगळी बिले आहेत. त्यांतल्या एकाही बिलावर ‘इंजिन ऑइल’ या दोन शब्दांपलीकडे काही छापलेले नाही.

आपला,
एक वाहनधारक,
सिंहगड रस्ता, पुणे