कालदेवतेचे तरुण रूपही छापावे

महोदय,

ग्रीक कालदेवतेचा विषय निघाला की वृत्तपत्रांत बहुधा पंख असलेला, हाती विळा घेतलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा छापला जातो. हे रूप प्रामुख्याने युरोपीय प्रबोधनकाळात रूढ झाले. पोटची पोरे गिळणारा क्रोनोस आणि काळाचा देव यांची सरमिसळ मात्र त्याआधी, प्राचीन काळीच झाली होती. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील रुबेन्स व गोया यांची चित्रे याच क्रोनोसची, म्हणजे रोमनांच्या सॅटर्नची, असून गोयाने आपले चित्र तर घराच्या भिंतीवरच रंगवले होते.

परंतु इसवी सनपूर्व चौथ्या शतकात लिसिपोस या शिल्पकाराने घडवलेला कैरोस, म्हणजे योग्य क्षणाचा देव, मला कितीतरी अधिक अर्थगर्भ वाटतो. मूळ ब्राँझमूर्ती आज उपलब्ध नाही, पण तूरीन येथील संगमरवरी उत्थितशिल्पात तो चवड्यांवर धावणारा तरुण असून त्याच्या पाठीला व घोट्यांना पंख आहेत, हातात वस्तऱ्याच्या पात्यावर तोललेला तराजू आहे, कपाळावर समोरून पकडता येईल अशी झुलपे आहेत आणि डोक्याची मागची बाजू तुळतुळीत आहे. यापुढे कालदेवतेविषयी लेख छापताना आपण हे शिल्पही आवर्जून द्यावे, ही विनंती.

– एक कलाप्रेमी वाचक, सांगली