राशिभविष्यात भीती नको, प्रश्न छापा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या राशिभविष्यात कुंभ राशीला साडेसाती आहे, पैशाचं नुकसान होईल, असं छापून आलं. माझ्या धाकट्या जावेची रास कुंभ. तिनं तो पेपर घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि खालच्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. तिकडून तिला नीलमची अंगठी सांगितली. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझी रास मकर. शनी आपल्या आधीच्या, आपल्या आणि पुढच्या राशीत असतो ती साडेसात वर्षं म्हणजे साडेसाती. 2017 च्या जानेवारीत शनी मकरेच्या आधीच्या धनू राशीत आला आणि मला साडेसाती लागली. त्याच सालच्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि किडकी सरकी. मीही तेव्हा अशीच एक जाहिरात पाहून तालुक्याला गेले होते. दोन बकऱ्या विकून 8,500 रुपये दिले, शांती केली, अंगठी घातली. त्या साली अळी साऱ्या विदर्भाच्या कपाशीवर होती. मेष राशीवाल्याच्या वावरात होती, तूळवाल्याच्याही होती. एवढी साधी गोष्ट मला त्या दिवशी सुचली नाही, कारण मी घाबरलेली होते.

पुढे 2019 ला पाऊस लांबला. मृगाची एक सर आली आणि मी सरकी टोबून मोकळी झाले. सासूबाई ओसरीवरून सांगत होत्या, "पाणी ढेकळात मुरू दे, मंग टोब." कृषी विभागही दरवर्षी सांगतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका. मी कोणाचंच ऐकलं नाही. सरकी वाळून गेली, दुबार पेरणी करावी लागली.

त्या आठवड्यात मी पत्रिका घेऊन आमच्या गावच्या जोशीबुवांकडे गेले. पत्रिकेचा कागद पिवळा पडलेला, कोपऱ्याला लावलेली हळद अजून दिसत होती. बुवांनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "श्रवण नक्षत्र हाय तुमचं. श्रवणाची खूण कान. आयकता का कोणाचं?" मी गप्प राहिले. मग म्हणाले, "शनीचं खरं नाव शनैश्चर. म्हंजे हळूहळू चालणारा. तुम्हाले घाई कायची हाय, ते सांगा." शांती सांगितली नाही, पैसेही घेतले नाहीत. घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं, की या कागदात माझं पुढचं लिहिलेलं नाही, माझा स्वभाव विचारलेला आहे.

मी हे विज्ञान म्हणून सांगत नाही. ग्रह कर्ज फेडत नाहीत आणि अळीही धाडत नाहीत. पण आपल्या जुन्या माणसांनी चंद्राला मन म्हटलं, सूर्याला आत्मा म्हटलं, तेव्हा स्वतःविषयी बोलायला शब्दच दिले. वारांना तर ग्रहांची नावं आहेतच. शनिवारी रात्री भांडी झाली की मी लेकीच्या जुन्या वहीत लिहिते, या आठवड्यात घाई कुठे केली. मंगळवारी लिहिते, कोणावर संतापले. सोमवारचं पान बहुतेक कोरं राहतं. मनाचं लिहिणं मला अजून जड जातं. पण पाच-सहा वर्षांच्या या वह्यांनी मला देवापुढे बसायला शिकवलं. पूर्वी मी नुसतं मागत होते.

आता थोडा हिशेब. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो आणि साडेसाती एकाच वेळी तीन राशींना असते. म्हणजे बारांतल्या तीन, गावातल्या दर चार माणसांत एक. आयुष्यात दोन-तीनदा ती प्रत्येकाला येते. मंगळाचंही तसंच. पत्रिकेतल्या लग्नस्थानापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या नाहीतर बाराव्या घरात मंगळ असला की पोरगी मंगळाची. बारांतली पाच घरं! एवढ्या पोरींच्या सोयरिकी यावर मोडायच्या का?

आपणास विनंती आहे. राशिभविष्य बंद करा असं मी म्हणत नाही, आमच्याकडे पेपर हातात आला की आधी तेच वाचतात. पण नुकसान होईल, अपघात होईल असं छापू नका. त्या जागी आज चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते द्या आणि जोशीबुवांनी मला विचारला तसा एक प्रश्न द्या. अंगठ्या, वशीकरण, चोवीस तासांत गुण अशा जाहिराती तर घेऊच नका.

माझी साडेसाती मार्च 2025 मध्ये शनी मीन राशीत गेला तेव्हा संपली. जावेची अजून चालू आहे. येत्या सोमवारी ती तालुक्याला जाणार आहे, यंदाच्या तुरीचे पैसे तिच्याजवळ आहेत. पत्र रविवारच्या अंकात घेतलंत तर मी ते तिला वाचून दाखवीन.

आपली,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ