ऑरेगॉनचे हाल

पोर्टलंड

प्रिय बाळ्या,

दिवाळीला फोन करतो म्हणालो आणि केला नाही, त्याच्या शिव्या एकगठ्ठा दे. तब्येत बरी, साखर जिथल्या तिथे.

लिहायचं कारण 'ऑरेगॉन'. इथे विलामेट नदीच्या काठच्या बागेत त्या युद्धनौकेची डोलकाठी उभी आहे. तिच्या मागे लागलो आणि झोप उडाली. इथली मंडळी ऐकून "अच्छा" म्हणतात, म्हणून तुला.

आधी बांधणी बघ. खोल समुद्रातलं आरमार अमेरिकी काँग्रेसच्या (इथल्या संसदेच्या) पचनी पडेना, म्हणून ही किनाऱ्याच्या राखणीची नौका. 13 इंची चार तोफा, 18 इंची चिलखत. पण एवढी बसकी, की कोळसा पुरता भरला की चिलखताचा पट्टाच पाण्याखाली! तोफा एका अंगाला वळवल्या की जहाज तिकडेच कलायचं, नाना बसला की बाक कलायचा तसं. आणि हीच बया 1898 साली सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिण अमेरिकेला वळसा घालत मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून 66 दिवसांत फ्लोरिडाला पोचली, जुलैत क्युबातल्या सांतियागोला स्पेनशी लढली. पनामाचा कालवा हवाच, हे त्या फेरीने अमेरिकेला पटलं.

1925 पासून इथेच संग्रहालय होती. 1942 मध्ये युद्धाला लोखंड हवं म्हणून भंगारात. तू म्हणशील, बरोबरच केलं. आपली जुनी विक्रांत युद्धनौका मोडीत काढली तेव्हा मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडतात तिथे, चहा पीत हेच म्हणाला होतास, आणि मी अबोला धरला होता. वर तिच्या लोखंडाची म्हणून बजाज व्ही मोटारसायकल घेतलीस, निर्लज्जा!

पण ऐक. निम्मीअर्धी तोडल्यावर आरमाराला साक्षात्कार झाला, सांगाडा कामाचा आहे. तोडकाम बंद. 1944 ला दारूगोळा भरून पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर नेली. ना संग्रहालय, ना धड भंगार. 1948 च्या वादळात दोर तोडून निघाली ती पाचशे मैलांवर सापडली. शेवटी 1956 मध्ये विकली आणि तोडली कुठे? जपानात! ज्यांच्याशी लढायला लोखंड हवं होतं, त्यांच्याच दारात. विक्रांतचं निदान एकदाचं आटोपलं. हिच्यासाठी भांडायचं तरी कोणाशी? ठेवली ती देशप्रेमाने, मोडायला काढली तीही देशप्रेमानेच. तुझ्याकडे उत्तर असेल तर लिही. 'लोखंड ते लोखंड' हे सोडून.

वहिनींचा गुडघा कसा आहे? जागेचं बिल्डरशी काय ठरलं? चिरंजीवांच्या नोकरीचंही कळव.

तुझा,
मधू